नावात 'टेन', मग विद्यापीठं अठरा कशी?



अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळांचा 'बिग टेन' नावाचा एक प्रसिद्ध गट आहे. नावात दहा, पण आज त्यात विद्यापीठं आहेत १८. आणि १८९६ साली गट सुरू झाला तेव्हा होती फक्त ७! नवीन विद्यापीठ आत घेताना हे लोक नेमकं काय बघतात, ते आज समजून घेऊया. 'जो खेळात पुढे, त्याला प्रवेश' असं आपल्याला वाटेल. पण तसं नाही.

अशा गटाला तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा पश्चिम विभाग, दक्षिण विभाग अशा होतात. कोणत्या विभागात खेळायचं हे विद्यापीठ स्वतः निवडत नाही. कॉन्फरन्स मात्र विद्यापीठांनी आपणहून केलेला गट असतो. सदस्य एकमेकांशी सामने खेळतात, त्या सामन्यांच्या टीव्ही प्रक्षेपणाचे हक्क गट एकत्रितपणे विकतो आणि आलेले पैसे सदस्यांत वाटले जातात. यातला मोठा भाग अमेरिकन फुटबॉलमुळे येतो. (हा आपला फुटबॉल नव्हे, यात चेंडू हातात घेऊन पळतात. नाव फुटबॉल का, हे मुलांना समजावताना माझी तरी दमछाक होते.) ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला. रक्कम ७ अब्ज डॉलरहून जास्त असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

आता चौथीच्या भागाकारासारखं बघा. १४ मुलांत १४० लाडू वाटले तर प्रत्येकाला १० मिळतात. पंधरावा मुलगा रिकाम्या हाताने आला, तर सगळ्यांचा वाटा कमी होतो. तो निदान १० लाडू घेऊन आला, तरच कुणाचं नुकसान होत नाही. आणि २५ घेऊन आला, तर त्याला दारातून आत ओढून घेतील! कॉन्फरन्सचा पहिला प्रश्न हाच असतो : तू आल्यावर आमचा वाटा वाढेल का?

रटगर्स विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १८६९ साली अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना या विद्यापीठात झाला, पण अलीकडच्या काळात त्यांचा संघ काही फार दबदब्याचा नव्हता. तरी २०१४ मध्ये बिग टेनने त्यांना घेतलं. कारण रटगर्स न्यू जर्सीत आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्या अगदी शेजारी. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी काढली होती. ज्या राज्यात गटाचा सदस्य, तिथे केबलवाल्यांकडून दर घरामागे या वाहिनीचा जास्त दर मिळायचा, मग घरातलं कुणी सामना बघो वा न बघो. रटगर्सने लाखो घरं सोबत आणली. वॉशिंग्टन शहराजवळचं मेरीलँड विद्यापीठही त्याच वर्षी आत आलं, ते याच हिशेबाने.

पुढे लोक केबल सोडू लागले आणि नुसती घरं मोजून भागेना. कुणाचा सामना लोक मुद्दाम लावून बघतात, याला किंमत आली. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातली यूएससी आणि यूसीएलए बिग टेनमध्ये आली, तेव्हा लॉस एंजेलिससारखं महानगरही मिळालं आणि नावाजलेले संघही.

मग खेळातल्या यशाचं काय? स्टॅनफर्ड बघा. सर्व खेळांतली कामगिरी मिळून तिथे डायरेक्टर्स कप दिला जातो. तो स्टॅनफर्डने १९९५ ते २०१९ सलग २५ वेळा जिंकला! शिक्षणातही पहिल्या रांगेतलं विद्यापीठ. तरीही जुना गट फुटल्यावर त्यांना अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये जागा मिळाली ती पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशांतला साधारण ३० टक्के वाटा घेण्याच्या अटीवर. टेक्सासमधल्या एसएमयूने तर नऊ वर्षं हा वाटाच घेणार नाही असं कबूल करून प्रवेश मिळवला. म्हणजे लाडू कमी मागितले, तरी दार उघडतं.

शिक्षणाचा दर्जा बघतच नाहीत असं मात्र नाही, कारण शेवटी मत देणारे विद्यापीठांचे प्रमुख असतात. बिग टेनमध्ये नेब्रास्का सोडून सगळी विद्यापीठं संशोधनातल्या नामांकित विद्यापीठांच्या 'एएयू' या संघटनेची सदस्य आहेत. नेब्रास्काही प्रवेश ठरला तेव्हा सदस्य होतं, २०११ मध्ये त्याचं सदस्यत्व गेलं. तरी माझ्या मते हा दर्जा उमेदवारांच्या यादीत नाव येण्यापुरता उपयोगी पडतो. निवड होते ती पैशांवर.

याची झळ कुणाला? ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन्ही विद्यापीठं मोठ्या शहरांपासून दूर, लहान गावांत आहेत. ओरेगन स्टेटने बेसबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद २००६, २००७ आणि २०१८ असं तीनदा मिळवलं. पण 'पॅक-१२' या त्यांच्या गटातली दहा विद्यापीठं २०२४ मध्ये इतर गटांत गेली आणि मागे उरली ही दोनच. त्यांच्या खेळाडूंनी काहीच चुकीचं केलं नव्हतं.

आणि जे आत गेले त्यांचं? लॉस एंजेलिस ते रटगर्स हे हवाई अंतर साधारण ३,९०० किमी आहे. आपण भूगोलात भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किमी शिकवतो, त्याहूनही जास्त! करार झाला फुटबॉलच्या जिवावर, पण हा प्रवास व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनाही करावा लागतो. घड्याळात तीन तासांचा फरक, आणि परत आल्यावर वर्ग, परीक्षा असतातच. मुलांना खेळाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत पाठवायचा विचार करणाऱ्या पालकांनी विद्यापीठासोबत त्याची कॉन्फरन्सही जरूर बघावी, सामने कुठे कुठे असतात ते विचारावं.

पाचवीच्या पुढच्या वर्गांसाठी एक छोटा उपक्रम : अमेरिकेच्या नकाशात मुलांना स्टॅनफर्ड शोधायला लावा. ते पॅसिफिक महासागराजवळ सापडेल. मग सांगा, की त्यांच्या गटाचं नाव 'अटलांटिक कोस्ट' आहे. "बाई, असं कसं?" हा प्रश्न आला, की लाडवांचं गणित फळ्यावर मांडा.