एक्स-रे वाचणारा संगणक

छातीच्या एक्स-रेमध्ये बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे यांच्या सावल्या एकाच सपाट चित्रात एकमेकींवर पडतात. कर्करोगाची लहानशी गाठ बरगडीआड दडली, की अनुभवी रेडिओलॉजिस्टच्या नजरेतूनही सुटते. ती शोधायला संगणकाची मदत घेण्याचे प्रयत्न अमेरिकेत जुने आहेत. मिसुरी विद्यापीठातील ग्विलिम लॉडविक यांनी १९६३ मध्येच फुप्फुसाच्या कर्करोगाची एक्स-रेवरील लक्षणे संगणकासाठी सांकेतिक रूपात मांडली होती.

शिकागो विद्यापीठात कुनिओ दोई, मेरीएलन गिगर आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नामी युक्ती काढली. एकाच एक्स-रेच्या दोन प्रती करायच्या. एकीत गोलसर गाठी ठळक, दुसरीत पुसट. पहिलीतून दुसरी वजा केली, की बरगड्यांची गर्दी बरीचशी ओसरते आणि संशयास्पद ठिपके उरतात. त्यांत खोटे ठिपकेही पुष्कळ निघत. म्हणून यंत्राचे काम ‘दुसरे मत’ देण्यापुरतेच ठेवले गेले: डॉक्टरांनी आधी स्वतः एक्स-रे वाचायचा, मग यंत्राच्या खुणा पाहायच्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २००१ मध्ये मंजूर केलेली ‘रॅपिडस्क्रीन’ प्रणाली याच पठडीतली होती.

पुढे संगणकाला नियम सांगणे मागे पडले आणि हजारो उदाहरणांवरून तो स्वतःच शिकू लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये १,१२,१२० एक्स-रे खुले केले. त्यांवरची रोगांची नावे मात्र कोणी चित्रे पुन्हा तपासून दिलेली नव्हती. जुन्या अहवालांतून ती एका प्रोग्रामने वेचली होती. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या ‘चेक्सनेट’ने न्यूमोनिया ओळखण्यात रेडिओलॉजिस्टना मागे टाकल्याचा दावा केला. दाव्याचा गाजावाजा झाला तो काहीसा घाईचाच.

कारण २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील संशोधकांना वेगळेच आढळले. अशी प्रणाली एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला, हे जवळजवळ अचूक ओळखत होती. तंत्रज्ञाने कोपऱ्यात ठेवलेली धातूची खूणही तिला पुरत होती. माउंट सिनाईत न्यूमोनियाचे प्रमाण जास्त, त्यामुळे रुग्णालय ओळखले की निदानाचे निम्मे काम झाले! परक्या रुग्णालयाच्या एक्स-रेवर तिची कामगिरी बहुधा घसरे. आरोग्य संस्थेने खुल्या केलेल्या संग्रहातही, छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठल्याच्या अनेक चित्रांत उपचाराची नळी आधीच बसवलेली होती, म्हणजे नळी ओळखूनही उत्तर बरोबर येऊ शकत होते.

एफडीएने २०१९ मध्ये परवानगी दिलेल्या प्रणालींचे काम त्यामानाने मर्यादित आहे: छातीत हवा साठल्याचा संशय असलेले एक्स-रे यादीत वर आणायचे, निदान डॉक्टरांनीच करायचे. क्षयरोगाच्या चाचपणीत मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींसाठी, एक्स-रे वाचणाऱ्या माणसाऐवजी संगणक वापरण्यास मान्यता दिली. त्यातही संगणकाने एक्स-रेला दिलेल्या किती गुणांच्या वर संशयित धरायचे, हे त्या त्या ठिकाणच्या रुग्णांवर पडताळून ठरवावे लागते.