ऊन-पावसात अंगणवाडीचं अंगण

जून लागला की बचत गटाच्या बैठकीत हप्ते आणि बी-बियाण्यांच्या जोडीला एक विषय निघतोच. पोराला अंगणवाडीत पाठवायचं, की पाऊस कमी होईपर्यंत घरीच ठेवायचं? पाठवलं तरी सेविकाताईंना बजावून सांगितलं जातं, "बाहेर सोडू नका हं." आज त्यावरच बोलू.

अंगणवाडी या शब्दातच अंगण आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ होत्या. गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागडी साधनं नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन शिकवलं. पुढे १९७५ साली एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. खोली आली, पण अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी विसरलं गेलं.

आता सर्दीचं. सर्दी विषाणूमुळे होते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते. दारं-खिडक्या लावून पंचवीस मुलं एका खोलीत बसवली, तर एकाच्या खोकल्याचा प्रसाद सगळ्यांना मिळतो. रिमझिम पावसात अर्धा तास खेळलेल्या मुलाचं अंग लगेच पुसून कोरडे कपडे घातले, तर घाबरायचं कारण नाही. ओल्या कपड्यांत कुडकुडत मात्र ठेवू नका. ताप असेल, धाप लागत असेल, तर ते मूल घरीच बरं.

पावसात शिकण्यासारखं किती असतं बघा. डबक्यात पान तरंगतं, खडा बुडतो. मग चिंचोका? आधी मुलांना विचारा, नंतर टाकून बघा. अंगणात सरळ कडांचा डबा ठेवला, तर काल जास्त पाऊस पडला की आज, हे काडीवर खूण करून तीन वर्षांचं मूलही दाखवतं. गांडूळ, गोगलगाय, मृगाचा लाल मखमली किडा हे सगळं फुकट येतं. चिखल मळताना बोटांत ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरायला कामी पडते. माझ्या मते भिंतीवरच्या चित्रांपेक्षा हे कितीतरी सरस.

पण काही बाबतीत तडजोड नाही. ढगाचा गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी पक्क्या इमारतीत यायचं. झाडाखाली किंवा उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जायचं नाही. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, म्हणून पाण्याजवळ खेळताना मोठ्या माणसाची नजर हलता कामा नये. गोठ्याकडून वाहत आलेलं पाणी नको, पायाला जखम असेल तर मुळीच नको. त्यातून लेप्टोचा आजार होतो. सरपणाच्या ढिगाशी खेळू देऊ नका, तिथे साप-विंचू आसरा घेतात. आत आल्यावर साबणाने हातपाय धुवायचे.

पावसाची भीती आपण फार बाळगतो, उन्हाची तेवढी नाही. खरं तर ते उलट हवं. लहान मुलाचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि तहान लागली तरी खेळाच्या नादात ते सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेरचा खेळ सकाळी लवकर उरकावा, तोही झाडाच्या सावलीत. मध्ये थांबवून पाणी पाजावं. पत्र्याची घसरगुंडी आधी आपल्या हाताने बघावी, कातडी भाजते. मूल मलूल झालं, उलटी झाली, अंग फणफणलं, तर सावलीत नेऊन ओल्या फडक्याने पुसत राहा आणि दवाखान्याची वाट धरा. याच दिवसांत सावलीचा खेळ छान होतो. सकाळी सावली खडूने आखायची, घरी जाताना पुन्हा आखायची. ती आखूड का झाली, यावर मुलं काय काय सांगतात ते ऐकाच!

थंडीचं फार अवघड नाही. एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे घाला, म्हणजे ऊन चढल्यावर एक काढता येतो.

राहता राहिला कपड्यांचा प्रश्न. चिखलाने माखलेलं पोर बघून आपण सेविकाताईंवरच तोंडसुख घेतो, मग त्या दार लावून घेतात. त्यापेक्षा एका पिशवीत जुने कपडे, एक फडकं आणि चड्डी घालून पिशवी अंगणवाडीतच ठेवा. पिशवीवर नाव दोऱ्याने शिवा, शाई धुऊन जाते. धान्याच्या स्वच्छ पोत्याची खोळ पावसाला पुरते. खताचं किंवा औषधाचं पोतं घेऊ नका, पातळ प्लॅस्टिकची पिशवी तर डोक्यात घालूच नका, श्वास कोंडतो. आपल्या गटात शिवणयंत्र असलेल्या बायका आहेत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक जुनं लुगडं आणा, पिशव्या तिथेच बेतू.