सत्र सहा महिन्यांचे, गाव पिढ्यांचे

मानसशास्त्र म्हटले की सर्वसामान्य वाचकाला समुपदेशकाची खोली आणि तिथे आपले दुःख सांगणारी एखादी व्यक्ती आठवते. परंतु या शास्त्राची एक शाखा अशी आहे, की ती त्या दुःखाचा माग काढत व्यक्तीच्या घरापर्यंत, वस्तीपर्यंत, तिच्या रोजगारापर्यंत आणि शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत यांसारख्या संस्थांपर्यंत जाते. या शाखेला सामुदायिक मानसशास्त्र म्हणतात. कर्ज, व्यसन, स्थलांतर, भेदभाव आणि एकटेपणा यांचा मनावर होणारा परिणाम अभ्यासणे, त्रास विकोपाला जाण्याआधीच तो टाळण्याचे मार्ग शोधणे आणि हे मार्ग लोकांवर न लादता लोकांबरोबर ठरवणे, ही या शाखेची मुख्य कामे आहेत. ज्युलियन रॅपापोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये सक्षमीकरणाची कल्पना या शाखेच्या केंद्रस्थानी आणली. लोकांकडे केवळ गरजू म्हणून न पाहता आपल्या आयुष्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेण्याची त्यांची क्षमता वाढवावी, असा तिचा आशय आहे.

या शाखेचा जन्मच मुळी शिक्षणाच्या प्रश्नातून झाला. अमेरिकेत १९६३ साली सामुदायिक मानसिक आरोग्याविषयीचा कायदा झाला आणि मोठ्या रुग्णालयांच्या भिंतींबाहेर, लोकांच्या जवळ सेवा नेण्याचे धोरण ठरले. या कामासाठी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कसे घडवावे, हे ठरवण्यासाठी मे १९६५ मध्ये बोस्टनजवळच्या स्वॅम्पस्कॉट या गावी एक परिषद भरली आणि तीच सामुदायिक मानसशास्त्राची सुरुवात मानली जाते. पुढे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा २७वा विभाग म्हणून या अभ्यासकांची संघटना उभी राहिली, जी आज सोसायटी फॉर कम्युनिटी रिसर्च अँड ॲक्शन या नावाने ओळखली जाते.

व्यावसायिक संघटना म्हणजे वर्षातून एकदा अधिवेशन भरवणारे मंडळ एवढाच अनेकांचा समज असतो. वास्तविक कोणते काम चांगले मानायचे याचे निकष ठरवणे, व्यवसायाची आचारसंहिता जपणे, नियतकालिक चालवणे आणि एका पिढीने मिळवलेले ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती सोपवणे ही तिची खरी कर्तव्ये असतात. उपरोक्त अमेरिकन संघटनेच्या कार्यकारिणीत, म्हणजे निर्णय घेणाऱ्या मंडळात, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी बसतात. संघटनेच्या वार्तापत्रात विद्यार्थ्यांच्या लेखनाला जागा असते. आणि उत्तम पीएच.डी. प्रबंधासाठी एमोरी कोवेन या शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम केलेल्या अभ्यासकाच्या नावाने पुरस्कार दिला जातो. पदवी मिळाल्यावर ज्याला व्यवसायात यायचे आहे, त्याला शिकत असतानाच व्यवसायाच्या घडणीत वाटा देणे, हे या रचनेचे सूत्र आहे.

भारतातही कम्युनिटी सायकॉलॉजी असोसिएशन ऑफ इंडिया ही या विषयाची स्वतंत्र संघटना आहे, आणि मराठीतून मानसशास्त्राचा विचार करणाऱ्यांसाठी मराठी मानसशास्त्र परिषद आहे. विद्यार्थ्यांनी अशा संघटनांत का यावे आणि संघटनांनी त्यांना केवळ श्रोते म्हणून नव्हे तर सभासद म्हणून का घ्यावे, याचे उत्तर नाशिक जिल्ह्याकडे पाहिले असता विशेष स्पष्ट होते.

नाशिक शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या, बहुसंख्य आदिवासी वस्तीच्या पेठ तालुक्यातील ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबवला गेला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने, डॉ. सौमित्र पठारे आणि डॉ. कौस्तुभ जोग यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांच्या सहभागाने, त्याची उभारणी केली होती. त्याची रचना दुपदरी होती: गावातीलच ‘मित्र’ आपल्या ओळखीपाळखीत कोण खचले आहे, कोणाचे कामात लक्ष लागत नाही, हे हेरत, आणि अधिक प्रशिक्षण घेतलेले ‘चॅम्पियन’ अशा व्यक्तीला काही ठरावीक बैठकांतून आधार देत. या बैठकांत नीट ऐकून घेणे, अडचणीचे तुकडे पाडून त्यांवर उपाय शोधणे आणि बंद पडलेली दिनचर्या छोट्या-छोट्या कामांतून पुन्हा सुरू करणे, या साध्या परंतु शास्त्राने तपासलेल्या पद्धती वापरल्या जात. कौटुंबिक हिंसा, व्यसन, बेरोजगारी यांसारख्या विषयांवरील लघुपट मोबाइलवर दाखवून गावात चर्चा घडवली जाई, पात्र व्यक्तीला शासकीय योजनांपर्यंत पोहोचवले जाई आणि तीव्र आजार असल्यास सरकारी रुग्णालयाची वाट दाखवली जाई. निराशा आणि रखडलेले निवृत्तिवेतन यांचा विचार एकाच बैठकीत करणारी ही दृष्टी म्हणजेच सामुदायिक मानसशास्त्र होय. पेठमध्ये आकाराला आलेली ही पद्धत नंतर गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेण्यात आली.

‘आत्मीयता’ हा विद्यार्थ्यांचा उपक्रम नव्हता. पण विद्यार्थ्यांनी त्यातून घेण्यासारखा धडा मोठा आहे. गावाचा विश्वास दोन-तीन भेटींत मिळत नाही, आणि महाविद्यालयाचे सत्र तर सहा महिन्यांचे असते. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत खरिपाचा भात आणि नागली हाती आली, की अनेक कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात. प्रकल्प सादर करण्याची मुदत जवळ आली म्हणून एखादी विद्यार्थिनी जानेवारीत प्रश्नावली घेऊन पाड्यावर पोहोचली, तर तिला घरी म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मुले भेटतील, आणि ज्यांच्या ताणाविषयी तिला जाणून घ्यायचे आहे ती माणसे बागेत असतील. तिने प्रामाणिकपणे भरलेले तक्तेही त्यामुळे अपुरे चित्र दाखवतील. कोणत्या महिन्यात कुठे जावे, कोणाला आधी भेटावे, मागच्या वर्षी गावाने काय विचारले होते, हे सांगणारी नोंद तिच्या हाती असेल तरच तिची मेहनत सार्थकी लागेल, आणि ती नोंद जपण्याचे काम एका तुकडीला जमणारे नाही. ते संघटनेचे काम आहे.

हीच गोष्ट सिंहस्थाच्या, म्हणजे नाशिकला बारा वर्षांनी भरणाऱ्या कुंभमेळ्याच्या, बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. अशा मेळ्यांचा मनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास अन्यत्र झालेला आहे. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींचा भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. थंडी, गोंगाट आणि गर्दी सोसूनही मेळ्यात राहिलेल्या लोकांचे स्वास्थ्य, त्यांनी स्वतः सांगितल्यानुसार, मेळ्याला न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारल्याचे त्यात आढळले. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २००३ आणि २०१५ साली झाला, आणि पुढचा २०२७ मध्ये येत आहे. २००३ मध्ये गोदाकाठी झालेल्या चेंगराचेंगरीत अनेक भाविकांचे प्राण गेले होते. भाविकांबरोबरच पंचवटीचे रहिवासी, फुले विकणाऱ्या स्त्रिया, सफाई कामगार आणि बंदोबस्तावरील पोलीस यांच्या मनावर सिंहस्थाच्या काळात काय ताण येतो, हा नाशिकच्या विद्यार्थ्यांना हाताशी असलेला अभ्यासविषय आहे. परंतु बारा वर्षांनी येणाऱ्या घटनेचा तुलनात्मक अभ्यास तीन वर्षांच्या पदवीत मावत नाही. २०२७ च्या विद्यार्थ्याने केलेल्या नोंदी पुढच्या सिंहस्थातील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा हवी.

अशी यंत्रणा उभारण्यासाठी लागणारे साहित्य नाशिकमध्ये आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून या शहरात आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास सेवा देतो आणि सात दिवसांच्या शिबिरासाठी गावात राहतो, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत समाजाशी संबंधित प्रकल्पांना श्रेयांकही मिळू लागले आहेत. मनुष्यबळ, वेळ आणि गुण असे तिन्ही उपलब्ध असताना, दरवर्षी नव्या गावात नवे सर्वेक्षण करून अहवाल कपाटात ठेवण्याचा प्रघात सुरू राहणे हे विद्यार्थ्यांचे आणि त्याहून अधिक गावांचे नुकसान आहे, कारण आपला वेळ देऊनही गावाला उत्तर मिळत नाही.

म्हणून संघटनांनी विद्यार्थ्यांसाठी काही गोष्टी निश्चित कराव्यात. विद्यार्थी-सभासदत्वाची वर्गणी परवडणारी असावी. कार्यकारिणीत विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला प्रतिनिधी असावा आणि त्याला मताचा अधिकार असावा, कारण मताविना दिलेली जागा ही केवळ शोभेची असते. निबंधवाचन मराठीतून करण्याची मुभा असावी, म्हणजे सुरगाण्याहून शिकायला आलेला विद्यार्थीही आपल्याच भागाविषयी आत्मविश्वासाने बोलू शकेल. प्रत्येक प्रकल्पाचे निष्कर्ष ज्या गावात माहिती गोळा केली त्या गावच्या लोकांसमोर आधी मांडले जावेत.

याबरोबरच मर्यादांचे भानही आवश्यक आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार उपचारांची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचे प्रमाण विकारानुसार साधारण ७० ते ९२ टक्के होते. ही दरी पाहून विद्यार्थ्याने उपचारकाची भूमिका घेणे मात्र धोक्याचे ठरेल. ऐकून घेणे, सांगितलेले गुप्त ठेवणे, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीला एकटे न सोडता तिला १४४१६ या टेली-मानस क्रमांकाशी किंवा जवळच्या रुग्णालयाशी जोडून देणे आणि मार्गदर्शकाला तत्काळ कळवणे, एवढे त्याला पक्के शिकवले पाहिजे. गावात गेल्यावर स्वतः विद्यार्थ्यालाही ताण येतो, आणि त्याविषयी बोलण्याची जागा त्याला संघटनेतच मिळायला हवी.

पेठच्या गावांनी दाखवून दिले, की प्रशिक्षण आणि आधार मिळाला तर गावातला शेतकरी आणि गावातली गृहिणी शेजाऱ्याच्या मनाची काळजी घेऊ शकतात. ज्या शास्त्राने सामान्य माणसावर इतका विश्वास टाकला, त्याने आपल्या विद्यार्थ्यांवरही तेवढाच विश्वास टाकावा आणि मतदानाचा हक्क व नोंदींचा वारसा पहिल्या वर्षापासून त्यांच्या हाती द्यावा, हे न्यायाचे आहे आणि शास्त्राच्या हिताचेही आहे.