दोऱ्यांचा गुंता

मी कवी, बी. ए. झालेला. माझी पुतणी अभियांत्रिकी महाविद्यालयात सॉफ्टवेअर शिकवते. एकदा तिच्या तासाला बसलो. तिनं चार मुलं उभी करून प्रत्येकाला प्रत्येकाशी दोऱ्यानं जोडलं. दोरे लागले ६. आणखी चार मुलं आली. दोरे झाले २८! ‘काम रखडलं की माणसं वाढवा’ म्हणणारा मुलगा मधोमध अडकलेला.

फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली हेच मांडलं : रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली, तर तो आणखी रखडतो. नव्यांना शिकवण्यात, एकमेकांना विचारण्यात वेळ जातो.

पुतणीच्या पहिल्या नोकरीत मुदत टळल्यावर ऐनवेळी जुंपलेल्यांत तीही होती.

‘तेव्हा हा नियम ठाऊक नव्हता?’

‘पाठ होता, चाचा. कळला नव्हता. म्हणून वर्गात दोरा आणते.’