नांदेडचे आकडे लायडनच्या यादीत

रब्बीच्या दिवसांत रात्रीची वीज असली की धाड गावच्या शिवारात गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी माणसं जागी असतात. कृत्तिकांचा पुंजका आणि त्यामागून वर येणारी तांबूस रोहिणी त्यांना कुणी ओळखून दाखवावी लागत नाही. या रोहिणीच्या थोडं उत्तरेला, जिथं नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथं सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर वायू आणि धुळीचा एक काळोखा ढग आहे. तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास. आपल्या भोवतीच्या हवेत एका घनसेंटीमीटरमध्ये पंचवीस अब्ज अब्ज रेणू मावतात. या ढगात तेवढ्याच जागेत जेमतेम काही हजार. इतक्या थंडीत आणि इतक्या विरळ जागी अणू एकमेकांना भेटणार कसे आणि रेणू घडणार कसे, असं वाटावं. तरीही तिथं रेणू घडतात, आणि भलतेच विचित्र घडतात.

त्यातला एक आहे सायक्लोप्रोपेनिलिडीन. तीन कार्बन अणूंचं कडं आणि त्याला चिकटलेले दोन हायड्रोजन. त्याची रेडिओ लहर दुर्बिणींना काही वर्षं आधीपासून ऐकू येत होती, पण ती कुणाची हे ठाऊक नव्हतं. १९८५ साली अमेरिकेत पॅट्रिक थॅडियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणू प्रयोगशाळेत तयार केला, त्याच्या लहरी मोजल्या आणि आकाशातल्या अनोळखी लहरीशी जुळवल्या. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत सापडलेला हा पहिला कडीदार हायड्रोकार्बन.

ओळख पटली, पण तो तिथं किती आहे? खरी अडचण या प्रश्नापासून सुरू होते. रेणू स्वतःभोवती फिरतो, पण वाटेल त्या वेगानं नाही; त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. वरच्या पायरीवरून खाली उतरताना तो रेडिओ लहर सोडतो. त्याला वर चढवतो तो येऊन आदळणारा हायड्रोजन किंवा हीलियम. म्हणजे लहरीच्या प्रखरतेवरून रेणूंची संख्या आणि ढगाची घनता काढायची, तर एका टकरीत रेणू कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीवर जातो आणि किती वेळा, हे आधी माहीत हवं. पायऱ्या डझनावारी, त्यांच्या जोड्या शेकड्यांनी, आणि तापमान बदललं की प्रत्येक आकडा बदलतो. बरं, हा रेणू बाटलीत भरून ठेवावा आणि सावकाश मोजावा, तर इतका उतावळा की पृथ्वीवर लगेच कशाशी तरी संयोग पावून मोकळा होतो. मग उरतं कागदावरचं आणि संगणकावरचं गणित.

हे गणित नांदेडला झालं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झालं. त्यानंतर सहाच वर्षांनी, २००० साली, तिथले सुरेश चंद्रा आणि जर्मनीतल्या फ्रँकफर्ट विद्यापीठाचे डब्ल्यू. एच. केगेल या दोघांचा असममित रेणूंच्या टकरींच्या दरांवरचा लेख युरोपातल्या एका प्रमुख खगोलशास्त्रीय नियतकालिकाच्या पुरवणीत आला. २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनशी जोडलेल्या अभ्यासकांनी (एविन व्हॅन डिशूक त्यांपैकी एक) जगभरातले असे दर गोळा करून सर्वांसाठी खुली यादी तयार केली. ‘लॅम्डा’ या नावानं ती ओळखली जाते. त्या यादीत सायक्लोप्रोपेनिलिडीनच्या नोंदीपुढे चंद्रा आणि केगेल यांचं नाव आहे. त्यानंतर हा रेणू अवकाशात मोजायला निघालेल्या कित्येकांनी आपलं गणित नांदेडच्या आकड्यांवर उभं केलं. नांदेडकरांना याचा पत्ता नाही, हे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांचं कर्तृत्व.

चंद्रांना दुर्बीण लागली नाही, म्हणून हे काम एकट्यानं झालं असं मात्र नाही. अशा एका आकड्यामागे किमान तीन प्रकारची माणसं असतात. दोन रेणू जवळ आले की त्यांच्यातलं आकर्षण-प्रतिकर्षण किती, हे सांगतो पुंज-रसायनज्ञ. त्यावरून टक्कर कशी घडते हे काढतो तो दुसरा. त्याचा पिंड बहुधा भौतिकीचा. आणि त्या टकरींमधून ढगाबाहेर किती प्रकाश येईल हे काढणारा तिसरा, खगोलशास्त्रज्ञ. तिघांच्या परिषदा वेगळ्या, नियतकालिकं वेगळी, एकाच चिन्हाचे अर्थसुद्धा कधी कधी वेगळे. आपल्याकडे एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात तेव्हाच नांगर चालतो. इथं तर बैल तीन गावांचे आणि तीन सवयींचे आहेत.

सावड जमली नाही तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २००० सालीच कोलकात्याचे संदीप चक्रवर्ती आणि सोनाली चक्रवर्ती यांनी एक धाडसी प्रश्न विचारला: तारा जन्माला घालणारा ढग आकसत असतानाच डीएनएमधलं अ‍ॅडेनाइन तयार होऊ शकेल का? हायड्रोजन सायनाइडचे पाच रेणू एकापुढे एक जोडले की अ‍ॅडेनाइन होतं, हे रसायनशास्त्राला माहीत होतं. त्यांच्या गणिती प्रतिकृतीत ते थोडंफार होत होतंही. पण प्रत्येक पायरीचा वेग त्यांना अंदाजानं धरावा लागला होता. पुढच्याच वर्षी इयान स्मिथ, दाबिया तालबी आणि एरिक हर्बस्ट यांनी यातली अगदी पहिलीच पायरी, म्हणजे दोन रेणूंची जोडी होणं, तपासली आणि ती अतिशय मंद निघाली. हे त्रिकूट पाहण्यासारखं आहे: स्मिथ ब्रिटनमधले, अभिक्रियांचे वेग प्रयोगशाळेत मोजणारे; तालबी फ्रान्समधल्या सैद्धांतिक रसायनज्ञ; हर्बस्ट अमेरिकेतले, ढगांच्या रसायनाच्या प्रतिकृती बांधणारे. कोलकात्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, त्याला वेळेवर भेटायला हवे होते ते लोक दुसऱ्या खंडांत होते. पुढे कोलकात्यातल्या मंडळींनी आपल्या प्रतिकृतींसाठी पुंज-रसायनाची गणितं स्वतःच हाती घेतली.

अशी सावड जमावी म्हणूनच युरोपानं खगोलरसायनात, म्हणजे अवकाशातल्या रेणूंच्या अभ्यासात, जाळी विणायला पैसे घातले. २०१४ मध्ये सुरू झालेला ‘अवर अ‍ॅस्ट्रो-केमिकल हिस्ट्री’ हा उपक्रम ज्या योजनेतून झाला, ती संशोधनाला एक पैसा देत नाही. ती देते प्रवासभाडं, सभा, तरुणांना दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काही आठवडे राहण्याची सोय. आपल्याकडे संशोधन म्हटलं की आधी भूमिपूजन होतं, म्हणून ही रीत मला मुद्दाम सांगावीशी वाटते.

तरी या बाबतीत महाराष्ट्रात एक काम वेळेआधीच झालेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष यश पाल यांच्या पुढाकारानं जयंत नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. तिचं नावच आंतरविद्यापीठीय. कल्पना अशी, की शास्त्रज्ञांनी एका आवारात कोंडून राहू नये आणि देशभरातल्या महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठांतल्या शिक्षकांना तिथं येऊन काम करता यावं. तीन वर्षांसाठी सहयोगी म्हणून निवड होते. येण्या-जाण्याचा आणि राहण्याचा खर्च संस्था करते, ग्रंथालय आणि संगणक खुले असतात. मुख्य म्हणजे जेवणाच्या टेबलावर वेगळ्या विषयाचा माणूस भेटतो. सैद्धांतिक खगोलरसायनाला याहून जास्त फारसं लागतच नाही.

पण भारतातले या विषयाचे लोक अजून विखुरलेले आहेत. गोरखपूरला शंतनू रस्तोगी आणि त्यांच्याकडे पीएचडी करून पुढे बनारसला गेलेले अमित पाठक काजळीच्या जातीच्या बहुकडी कार्बनी रेणूंचं गणित करतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अवकाशातल्या बर्फावरचे आणि धक्कालहरींचे प्रयोग चालतात. प्रत्येक ठिकाणी काम चांगलं आहे. रेणूचं गणित मात्र एका गावात, प्रयोग दुसऱ्यात आणि ढगाची प्रतिकृती तिसऱ्यात, आणि या तिघांची नियमित भेट घडवणारं जाळं युरोपासारखं घट्ट नाही, असं माझं मत आहे. आयुकाची चौकट त्यासाठी हाताशी आहे. तिच्यात खगोलरसायनाचा एक कायमचा गट बसवणं हे खर्चाचं नव्हे, चिकाटीचं काम आहे.

हे धाडच्या वाचकाला कशाला? धाड आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं, पण मराठवाड्याच्या सीमेलगतचं. इथल्या महाविद्यालयांचं विद्यापीठ नांदेडला नव्हे, अमरावतीला आहे. जिल्ह्याचं आकाशाशी नातं सांगायचं म्हटलं की आपण लोणारच्या उल्काविवराकडे बोट दाखवतो, आणि ते योग्यच. पण लोणारचा खड्डा अभ्यासायला खडकांचे नमुने, महागडी यंत्रं, परवानग्या लागतात. सायक्लोप्रोपेनिलिडीनसारख्या रेणूला लागतो एक बरा संगणक, मोफत मिळणाऱ्या आज्ञावली, पुंजयामिकीची पक्की तयारी आणि चुका दाखवणारा एक दूरचा सहकारी. यातलं शेवटचंच मिळायला सगळ्यात अवघड. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकानं किंवा एमएस्सीच्या विद्यार्थ्यानं पहिलं पत्र लिहावं ते त्यासाठी.

नांदेडचे आकडेही कायमचे राहिले नाहीत. २०१९ मध्ये ट्युनिशिया आणि फ्रान्समधल्या अभ्यासकांच्या गटानं याच रेणूच्या हीलियमशी होणाऱ्या टकरींचं नवं, अधिक काटेकोर गणित मांडलं. लायडनच्या यादीची मात्र वापरणाऱ्यांना एक विनंती असते, की नुसतं यादीचं नाव घेऊन थांबू नका, ज्यांनी आकडे काढले त्यांच्या मूळ लेखाचाही उल्लेख करा. आजवर अवकाशात तीनशेहून अधिक रेणू सापडले आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे भरवशाचे टकरींचे दर अजून कुणी काढलेले नाहीत.