पाळण्यासाठी वर्गणी

आपल्याकडे वर्गणी कशासाठी जमत नाही? गणेशोत्सवासाठी जमते, ग्रंथालयासाठी जमते, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी जमते. एखाद्या हुशार पण गरीब विद्यार्थ्याला विलायतेला पाठवायचे झाले तरी चार घरे आपापल्या परीने हातभार लावतात. परंतु घरात मूल यावे म्हणून कोणी गृहस्थ पावतीपुस्तक घेऊन आळीत फिरला, असे काही ऐकिवात नाही. अमेरिकेत मात्र हे होते, आणि उजळ माथ्याने होते. परदेशातून मूल दत्तक घेऊ पाहणारे मध्यम स्थितीतले कुटुंब आपल्या अंगणात जुन्या सामानाची विक्री मांडते. गृहिणी केक भाजून विकते. चर्चच्या दालनात जेवणाची पंगत होते आणि जेवणारा पानामागे ठरावीक देणगी देतो. काही कुटुंबे तर शेकडो तुकड्यांचे एक चित्रकोडे आणतात. जो काही रक्कम देईल त्याचे नाव एका तुकड्याच्या पाठीवर लिहायचे, आणि सगळे तुकडे भरले की ते चित्र येणाऱ्या मुलाच्या खोलीत लावायचे, अशी ती कल्पना.

हे ऐकून जुन्या मराठी घरातल्या माणसाच्या कपाळाला आठी पडणे साहजिक आहे. मुलासाठी पैसे? मग ते मूल दत्तक घेतले म्हणायचे की विकत घेतले? प्रश्न कडवट आहे, पण अडाणी नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांनाही तो पडला होता. मनुस्मृतीत पुत्रांचे जे बारा प्रकार सांगितले आहेत त्यांत आईबापांनी प्रेमाने दिलेला तो ‘दत्तक’, पैसे देऊन घेतलेला तो ‘क्रीत’, आणि आईबापांनी टाकलेले मूल कोणी उचलून घरात वाढवले तर ते ‘अपविद्ध’. पुढे कलियुगात दत्तकच काय तो ग्राह्य मानला गेला आणि क्रीत बाद झाला. म्हणजे दिलेले मूल आणि विकलेले मूल यांच्यामधली रेघ आपल्याकडे फार पूर्वीच ओढलेली आहे.

याचा अर्थ आपल्या दत्तकांत पैसा नव्हता असा मात्र नव्हे. मराठेशाहीत आणि पुढे इंग्रजी अमलातही वतनदार, जहागीरदार यांना दत्तकाची मंजुरी मिळवण्यासाठी सरकारात नजराणा भरावा लागे. जुन्या घरांच्या दप्तरांत असे कागद आजही सापडतात. पण तो नजराणा सरकारात जाई आणि त्याची नोंद होई. मुलाच्या जन्मदात्याच्या पदरात मोल म्हणून पडलेला पैसा निराळा. तेव्हा पैसा आहे की नाही एवढ्याने निवाडा होत नाही. तो कोणाला दिला, कशासाठी दिला आणि त्याची पावती कोठे आहे, हे पाहावे लागते.

त्या अमेरिकी कुटुंबाचा पैसा जातो कोठे? समाजसेविका अनेकदा घरी येऊन नवराबायकोची मिळकत, प्रकृती, स्वभाव, घरातली हवा या सर्वांची चौकशी करून अहवाल लिहिते. त्याची फी असते. पोलिसांचे दाखले, डॉक्टरांची प्रमाणपत्रे, कागदांवरील सरकारी शिक्कामोर्तब, तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेचे शुल्क, मुलाच्या प्रवेशपरवान्याचा अर्ज, विमानाची तिकिटे, इकडचा मुक्काम हे सारे निराळे. भारतातील संस्थेला द्यावयाची रक्कम २०१७ च्या नियमावलीने ५,००० डॉलर ठरवून दिली. सगळे मिळून आकडा बहुधा वीस हजार डॉलरांच्या पुढे जातो. पगारदार माणसाला हे झेपत नाही, म्हणून अंगणातली विक्री आणि म्हणून ती पंगत. अमेरिकी सरकारनेही १९९७ पासून दत्तकाच्या खर्चापोटी प्राप्तिकरात सवलत ठेवली आहे.

आता या रस्त्याचे दुसरे टोक पाहू. बेज्जूर हे नाव हैदराबादेतल्या जुन्या मंडळींना अगदीच अपरिचित नसावे. निजामाच्या राज्यातला आदिलाबाद जिल्हा म्हणजे मराठी, तेलुगू आणि गोंडी यांचा संगम. त्याच्या पूर्व कडेला, कागजनगर स्टेशनवर उतरून जंगलातून पुढे जावे तेव्हा हा गाव लागतो. पलीकडे प्राणहिता, आणि ती ओलांडली की महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा. २०१६ च्या फेररचनेनंतर बेज्जूर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. समजा, या गावाच्या बसथांब्यावर एके पहाटे कापडात गुंडाळलेली एक मुलगी सापडली. ही केवळ कल्पना आहे. पण पुढे जे सांगतो तो कायदा आहे.

ज्याला ती सापडली त्याने तिला घरी नेऊन ठेवून घेता कामा नये, मग त्याचे मन कितीही निर्मळ असो. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती तिची रवानगी शिशुगृहात करते. आईबापांचा शोध सुरू होतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत, समिती ते दत्तकास मोकळे झाल्याचे जाहीर करते. आईने स्वतः येऊन मूल स्वाधीन केले असेल तर तिलाही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. परदेशाचे नाव यानंतर येते. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे, मोकळे झाल्यापासून साठ दिवसांत या मुलीला भारतातील किंवा परदेशस्थ भारतीय आईबाप मिळाले नाहीत, तरच तिचे दार परक्या देशाच्या कुटुंबासाठी उघडते. मग दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र, दत्तकाचा हुकूम, पारपत्र, आणि मूल परदेशी गेल्यावरही दोन वर्षे त्याच्या खुशालीचे अहवाल. हा हुकूम पूर्वी न्यायालय देई. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हा दंडाधिकारी देतात.

एवढा काच कशासाठी, असे त्या वाट पाहणाऱ्या कुटुंबाला वाटत असेल. तिकडे पाळणा येऊन पडलेला, भिंतीला रंग दिलेला, आणि इकडे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असतात. पण हा काच अनुभवातून आला आहे. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी, परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांची हेळसांड होते, अशी तक्रार करणारे पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी परदेशी दत्तकाची पद्धत घालून देणारा निकाल दिला. १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था निघाली. १९९३ साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने तो २००३ साली मान्य केला. त्या करारातले एक कलम तर थेट आपल्या विषयाचे आहे: खर्च आणि वाजवी फी घ्यावी, पण दत्तकातून कोणी गैरवाजवी नफा मिळवू नये. मूल विकणे किंवा विकत घेणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

आणि दूर कशाला जावे? १९९९ आणि २००१ साली आपल्याच शहरात आणि आसपास जे उघडकीस आले ते पुष्कळांना आठवत असेल. ज्यांना इकडे लंबाडा म्हणतात त्या बंजारा तांड्यांतून नवजात मुली काही शे ते काही हजार रुपयांना उचलल्या जात. मधले दलाल त्या संस्थांपर्यंत पोचवत आणि कागदावर त्या ‘स्वखुशीने सोडलेल्या’ होत. पलीकडे हजारो डॉलर भरणारे कुटुंब बसलेले. त्या कुटुंबाने केक विकून जमवलेला पैसा स्वच्छ होता, त्याची मायाही खोटी नव्हती. परंतु मधल्या वाटेत दत्तकाचा क्रीत झाला होता, आणि ते त्या दोन टोकांपैकी तांड्यातल्या आईलाच काय ते ठाऊक होते. तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने २००१ साली, गरिबी किंवा मुलगी नको या कारणास्तव मूल संस्थेकडे सोडून देण्यास बंदी केली. मुले सरकारी शिशुविहारात आली, आणि काही परदेशी कुटुंबांची प्रकरणे न्यायालयांत अडकून पडली. म्हणून वर्गणी देणाऱ्याने चित्रकोड्याच्या तुकड्यावर नाव लिहिण्याबरोबर एक प्रश्नही विचारावा: या मुलाच्या आईला काही विचारले होते का, आणि काही दिले होते का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे असेल, तर खुशाल द्यावे. आई सापडतच नसेल, तर तिचा शोध खरोखर झाला होता का, हे विचारावे.

आपल्या दत्तकांकडे वळून पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. १८७५ साली बडोद्याच्या गादीसाठी महाराणी जमनाबाईंनी कवळाणे गावच्या गोपाळरावाला दत्तक घेतले. बारा वर्षांचा तो मुलगा पुढे महाराज सयाजीराव झाला आणि संस्थानाचे भाग्य उजळले. पण मुलगा शोधला तो गादीसाठी. १८४८ साली सातारा आणि १८५४ साली झाशी गेली ती दत्तक नामंजूर झाला म्हणून, तेव्हा गादीची ही काळजी पोकळ नव्हती. आपल्या सामान्य घरांतही वंश चालावा, पिंडाला माणूस असावे, वतन भाऊबंदांकडे जाऊ नये, याच हिशेबाने दत्तक होत. आणि म्हणून बहुतेक तो मुलगाच असे, आणि नात्यातला असे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. आजचा कायदा त्याहून पुढे गेला आहे. पूर्वी घराला मूल हवे असे, म्हणून मूल शोधत. आता मुलाला घर हवे असते, म्हणून घर शोधावयाचे. बेज्जूरच्या त्या कल्पित मुलीच्या नावे एवढी सरकारी धावपळ होते ती यासाठी.

असे घर मिळाले म्हणजे काय होते याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. १३ ऑगस्ट १९७९ रोजी जन्मलेली एक मुलगी ससून रुग्णालयाच्या आवारातील ‘श्रीवत्स’ या शिशुगृहात होती. मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांची इंग्रज पत्नी स्यू हे जोडपे परदेशातून आले होते. एक मुलगी त्यांनी आधीच दत्तक घेतलेली होती आणि आता मुलगा हवा होता. मनासारखा मुलगा मिळाला नाही, पण अवघ्या तीन आठवड्यांच्या या मुलीचे डोळे पाहून ती दोघे तिथेच थांबली. तिचे नाव लिसा ठेवले. अमेरिका आणि केनिया करीत हे कुटुंब ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. वडिलांनी परसात तिच्या हाती बॅट दिली. पुढे ती ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली. एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी ही जोड मिळवणारी ती पहिली महिला. २०१३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाने विश्वचषक जिंकला त्या संघात ती होती, आणि तो तिचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. मोठेपणी ती ‘श्रीवत्स’ला भेटही देऊन आली. आपण कोठून आलो हे तिच्या घरात कधी लपवलेले नव्हते, याला तिच्या धावांइतकेच महत्त्व आहे. आजचे नियमही दत्तक मुलाला आपले मूळ शोधण्याचा हक्क देतात.

पण या गोष्टीतले यश पाहून आपण फार सुखावून जाऊ नये. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ मुले दत्तक गेली. त्यांपैकी ४,१५५ मुलांना देशातच घर मिळाले. बाकीची परदेशी गेली. आपल्याकडे मूल मागणाऱ्यांची रांग लांब आहे, तरीही मुले का उरतात? रांगेतल्या बहुतेकांना लहान, निरोगी मूल हवे असते. ज्याचे वय पाच-सहा वर्षांचे आहे, जे कानाने किंवा पायाने अधू आहे, ज्याचा हात धरून धाकटे भावंड उभे आहे, त्याची फाईल आपण उघडतो आणि मिटतो. साठ दिवस असे निघून जातात. मग कोठल्याशा दूरच्या गावात एक कुटुंब ती फाईल उघडते आणि दुसऱ्या दिवशी अंगणात जुन्या खुर्च्या विकायला मांडते.

तेव्हा त्या वर्गणीला नाक मुरडण्यापूर्वी थोडे थांबावे. तिचा हिशेब जरूर मागावा, पावती पाहावी, जन्मदात्या आईपर्यंत मागोवा घ्यावा. आपल्या शास्त्रांनी आखलेली दत्तक-क्रीताची रेघ पुसट होऊ देऊ नये. पण सगळे चोख असेल, तर शेजाऱ्यांनी दिलेले वीस-वीस डॉलर म्हणजे आपल्याकडच्या बारशाचा आहेरच होय. फरक इतकाच की तो पाळण्याआधी पोचला. आणि जमले तर आपल्यापैकी एखाद्या घराने त्या साठ दिवसांत ती मिटलेली फाईल पुन्हा उघडावी. त्यासाठी वर्गणी लागणार नाही. लागलीच, तर मागायला लाजू नये.