पेटंटच्या अर्जासाठी सूक्ष्मजीव जमा का करावा लागतो?

पेटंट हा मुळात एक सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती पुरती उघड करायची आणि त्या बदल्यात सरकारने त्याला २० वर्षं मक्तेदारी द्यायची. पुरती म्हणजे किती? तर त्या विषयातल्या जाणत्या माणसाला नुसतं वाचून ती वस्तू करता आली पाहिजे. उसाच्या चरकाचा नकाशा काढून दिला की सांगलीचा कारागीर चरक करून देईल. इथवर अडचण नाही.

आता हळद घ्या. वाईपासून सांगलीपर्यंत आपल्याकडे हळद होते, आणि कंदकूज तिच्या पाचवीला पुजलेली. त्यावर ट्रायकोडर्मा ही बुरशी वापरतात, हे इथे बसलेल्या पुष्कळांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. समजा, कुणी शेतातल्या मातीतून हिचा एक वाण वेगळा काढला आणि प्रयोगशाळेत त्यात बदल घडवून तो जास्त गुणकारी केला. अर्जात काय लिहील तो? हिरवी दिसते, भराभर वाढते, अमुक तापमानाला जगते. अहो, हे वर्णन कितीतरी वाणांना लागू पडेल! न्यायशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी असं म्हटलं, की म्हैसही आत शिरते. बरं, जनुकांचा क्रम लिहून दिला, तरी कागदातून बुरशी उगवत नाही. मग कायदा म्हणतो, शब्द पुरत नाहीत ना, तर वस्तूच आणून ठेवा.

यासाठी १९७७ साली बुडापेस्टला करार झाला. एका मान्यताप्राप्त संग्रहात सूक्ष्मजीव ठेवला, की तो सगळ्या सदस्य देशांत ग्राह्य धरला जातो. देशोदेशी कुप्या पाठवत बसायला नको. भारत २००१ च्या डिसेंबरात त्यात सामील झाला. २००२ मध्ये चंडीगडच्या संग्रहाला मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये पुण्यातल्या, नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या संग्रहाला. म्हणजे आपल्याला सकाळच्या एसटीने जाऊन येण्याजोगं.

तिथे आधी जीव जिवंत आहे का ते तपासतात, मग क्रमांक देतात. तो क्रमांक अर्जात घालायचा. कुपी किमान ३० वर्षं सांभाळली जाते आणि मधेच कुणी नमुना मागितला, तर त्या मागणीपासून निदान ५ वर्षं.

मला यात रस वाटतो तो वेगळ्याच कारणाने. ३० वर्षांत त्या बुरशीच्या किती पिढ्या होतील! मग ती तीच का? मिलिंद राजाला नागसेनाने रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला होता: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली, एकच की निराळी? करारात या प्रश्नाची सोय आहे. कुपीतला जीव मेला आणि संग्रहाने तसं कळवलं, तर ३ महिन्यांत नवा नमुना द्यायचा आणि सोबत सहीनिशी लिहून द्यायचं, की हा पहिलाच जीव आहे. तत्त्वज्ञ दोन हजार वर्षं भांडले, कायद्याने सहीवर भागवलं! म्हणून मूळ वाण घरच्या प्रयोगशाळेतही जपून ठेवावा.

दोन गोष्टी मात्र नीट ऐका. मातीत सापडलेला जीव जसाच्या तसा घेऊन आपल्याकडे पेटंट मिळत नाही. कलम ३ ते आडवं येतं. निसर्गातल्या जिवाचा शोध लागणं म्हणजे माणसाने काही निर्माण करणं नव्हे, हा भेद मला योग्य वाटतो. कुपी ठेवली म्हणजे पेटंट मिळालं, असा समज करून घेऊ नका. दुसरं, नमुना कुठून आणला ते अर्जात सांगावंच लागतं, उगम आणि ठिकाण दोन्ही. पुष्कळांना ही कटकट वाटते. पण उद्या परदेशातल्या कुणी आपल्या शिवारातली माती नेऊन इथे अर्ज केला, तर त्यालाही हे सांगणं चुकत नाही. ते लपवलं, तर पेटंटला हरकत घेता येते.

आणि तारीख सांभाळा. क्रमांक अर्जानंतर ३ महिन्यांत कळवला तरी चालतो, पण कुपी मात्र अर्जाच्या दिवसापर्यंत संग्रहात पोचलेली असावी लागते. जीव तपासायला वेळ लागतो, तेव्हा पुण्याची फेरी आधीच करा.